बडी बी, छोटी बी आणि मुंशीजी

लखनौत मराठी माणसाला दोन गोष्टी यायलाच हव्यात, अशी तिथल्या लोकांची प्रेमळ समजूत आहे. पहिली म्हणजे गाणं. १९२६ साली भातखंड्यांनी या शहरात संगीताचं कॉलेज काढलं, तेव्हापासून इथल्या जुन्या घरांत असं मानतात की मराठी मूल पाळण्यात निजत नाही, तंबोऱ्याच्या भोपळ्यात निजतं. दुसरी गोष्ट म्हणजे हत्यार. ‘आप तो मराठे हैं’ हे वाक्य मी छत्तीस वर्षं इतक्या आदराने उच्चारलेलं ऐकलं आहे, की ते खोडून काढायचा धीर कधी झाला नाही. वास्तविक आमच्या वाईच्या घरात विळीपेक्षा मोठं पातं पिढ्यान्‌पिढ्या आलं नाही, आणि त्या विळीवरही बसायचा अधिकार एकट्या आजीचा. खंडेनवमीला आम्ही शस्त्रं म्हणून पाटावर मांडायचो ती अडकित्ता, कात्री आणि वडिलांचं फाउंटन पेन. या पार्श्वभूमीवर २०२० च्या फेब्रुवारीत गोलागंजातून निरोप आला, की मुर्गाबीच्या शिकारीसाठी बंदूक निवडायची आहे, सल्ल्याला या.

निरोप चचामियाँचा होता. चचामियाँ माझे लखनौतले पहिले घरमालक. १९८४ साली मानकनगरच्या रेल्वे संशोधन कार्यालयात नोकरी लागून मी आलो, तेव्हा त्यांच्या हवेलीच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी मला दिल्या होत्या. पुढे मी सरकारी क्वार्टरमध्ये गेलो, मग स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो, निवृत्तही झालो. पण त्यांच्या लेखी मी अजून मागच्या दोन खोल्यांतच राहतो. निरोप आला तेव्हा ते सत्त्याहत्तरचे आणि मी एकसष्टचा, तरी मी ‘बरख़ुरदार’. त्यांच्या घराण्याची ताल्लुकदारी १९५२ मध्ये जमीनदारी उठली तेव्हाच गेली. मागे राहिली मलिहाबादेतली दशहरीची एक बाग, हवेलीचा पुढचा अर्धा भाग, बोलताना वाक्य कधीही घाईने न संपवण्याची रीत, आणि तीन बंदुका.

त्या तीन बंदुकांवरच संकट आलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील असं ठरलं. तिसरी वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. वारशाने आलेल्यांनाही हाच हिशेब. देशात सर्वांत जास्त शस्त्रपरवाने ज्या राज्यात आहेत, तिथे हा कायदा कितीतरी घरांत दिवाळखोरीच्या नोटिशीसारखा वाचला गेला असेल. चचामियाँनी मात्र तो निबंधस्पर्धेच्या विषयासारखा वाचला. प्रश्न त्यांनी स्वतःच बदलून घेतला. कायदा विचारत होता, कुठली देणार? चचामियाँ विचारत होते, मुर्गाबीसाठी कुठली योग्य?

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, जी हवेलीत वर्षभर कोणीही उच्चारली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला परवान्याची चौकट घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती चौकटही भिंतीवरून उतरवली. मुर्गाबी, म्हणजे थंडीत उत्तरेकडून येणारं सगळं बदककूळ, मारायची सोय या देशात तेव्हापासून नाही. चचामियाँनाही हे ठाऊक होतं. शेवटची मुर्गाबी कधी पाडलीत, असं विचारलं तर ते ‘क़ानून से पहले’ एवढंच म्हणत. कुठल्या कायद्याच्या आधी, ते विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण पानात चुना जास्त झालाय हे जसं यजमानाला सांगायचं नसतं, तसं हेही सांगायचं नव्हतं. आणि एकदा सांगायचं नाही म्हटल्यावर मग बंदूक निवडण्यावाचून दुसरं काय करणार?

तिघींची, किंवा दोघी आणि एकाची, ओळख त्यांनी करून दिली. ‘बडी बी’ ही वडिलांच्या वेळची विलायती दुनळी, बारा बोअरची, तीस इंची नळ्यांची, साडेतीन किलोंची. ‘छोटी बी’ वीस बोअरची, नाजूक, बेगमसाहेबांसाठी घेतलेली; बेगमसाहेबांनी ती लग्नानंतर एकदा हातात धरली आणि तेल लागलं म्हणून साबणाने हात धुतले. तिसरे ‘मुंशीजी’. मुंगेरची एकनळी, हडकुळी, घोड्याचं टोक झिजलेलं. मुंशीजींची नेमणूक मलिहाबादेला. आंब्याच्या दिवसांत रखवालदार त्यांचा एखादा बार हवेत काढी आणि माकडं शेजारच्या बागेत जात. घरात काही कामाचं असेल तर तेवढे मुंशीजी, आणि म्हणूनच त्यांना कोणी मखमलीत गुंडाळलेलं नव्हतं.

बारा बोअर म्हणजे बारा काय, हे मला त्या दिवशी कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या पाडल्या तर गोळी लहान, नळी बारीक, आणि आकडा मात्र मोठा. चचामियाँना वाटलं हे उलटं गणित माझ्या डोक्यावरून जाईल. पण कोकणातल्या आंब्यावर वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. चार डझनी पेटीतला हापूस मोठा आणि सहा डझनीतला लहान, हे आमची पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. मी तसं म्हणालो, तर त्यांचा चेहरा किंचित पडला. बंदुकीच्या विद्येला आंब्याची उपमा लागू पडते याचं त्यांना दुःख नव्हतं. हापूसची लागू पडते आणि दशहरीची नाही, याचं होतं. दशहरी बिचारी किलोवर विकली जाते.

मग नळीच्या तोंडाची गोष्ट निघाली. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी टोकाशी जराशी आवळलेली असते. केसाएवढी जरी आवळली तरी छर्रे दूरवर एकत्र राहतात. मोकळी सोडली तर लगेच फाकतात. पूर्ण आवळलेल्या नळीतून चाळीस यार्डांवर, तीस इंचांच्या वर्तुळात शंभरातले सत्तर छर्रे पडतात, मोकळ्या नळीतून चाळीसच. चचामियाँ हे सांगत होते आणि मला आमच्या अंगणातली मोठी बहीण दिसत होती. ठिपके मांडायचे तेव्हा चिमूट घट्ट, पाकळी भरायची तेव्हा सैल. रांगोळीचं सगळं गुपित त्या दोन बोटांत. बडी बीच्या उजव्या नळीची चिमूट सैल आणि डावीची घट्ट, कारण पहिला बार जवळच्या पाखरावर आणि दुसरा वर चढत निघालेल्यावर. दोन नळ्या, दोन चाप, एकच नेम. जोडीच्या तंबोऱ्यांसारखं काहीतरी. हा विचार मी मोठ्याने बोललो नाही. बोललो असतो तर गाणं म्हणावं लागलं असतं.

मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि निवड फोनवर सुरू झाली. माणसाने बंदूक फोनवर निवडावी ही कल्पना जगात इतरत्र हास्यास्पद ठरेल. लखनौत ती फक्त थोडी गैरसोयीची होती. रात्री नऊच्या सुमारास घंटी वाजे. पलीकडे चचामियाँ बडी बीला मधून मोडून पुन्हा मिटत, आणि तो आवाज मला ऐकवत. मग छोटी बीचा. ‘बताइए, किसकी आवाज़ में ठहराव है?’ आता माझ्याबद्दलच्या दोन्ही समजुती एका जागी आल्या होत्या. मराठा म्हणून बंदूक कळणार आणि मराठी म्हणून सूर कळणार. मी डोळे मिटून ऐकत असे. खरं सांगतो, फरक होता. बडी बी मिटताना जुन्या कपाटाचं दार अदबीने लावल्यासारखा आवाज येई. छोटी बीचा आवाज अडकित्त्याचा होता. मी बडी बीच्या बाजूने कौल दिला, आणि मग तीन रात्री झोपेत कोणीतरी सुपारी कातरत होतं.

सल्लागार मी एकटा नव्हतो. यूनानी हकीमसाहेबांनी चचामियाँचा उजवा खांदा तपासून साडेतीन किलोंचं वजन आणि बाराचा धक्का आता पेलवणार नाही असं मत दिलं. शेरवानी शिवणाऱ्या मास्तरांनी बाहूचं माप घेऊन सांगितलं, की वयाने मान आखडली आहे, तेव्हा बडी बीचा दस्ता पाव इंच कमी व्हावा. बंदूक बसते ती खांद्यावर नव्हे, गालावर. (हे मास्तरांना कसं ठाऊक? लखनौत असं विचारत नाहीत.) दुबईतला भाचा व्हिडिओवर नळ्यांची लांबी पाहून म्हणाला, आजकाल सगळे वर-खाली नळ्यांची घेतात, आडव्या जोडीची कोण वापरतो? त्या भाच्याचा फोन चचामियाँनी पुढे पंधरा दिवस उचलला नाही.

त्या दिवसांत मला माझी बेचकी फार आठवली. वाईला मेच्या सुट्टीत आम्ही बेचकीसाठी फांदी शोधायचो. पेरूची हवी, दोन्ही फाटे सारख्या जाडीचे हवेत, मधला कोन फार अरुंद नको, फार ऐसपैस नको. कृष्णेच्या काठाने एकेक झाड पालथं घालायचं. एकदा तर अशी बेचकी मिळाली, की ती कापायला मन होईना. रोज जाऊन नुसती पाहून यायचो. रबर सायकलच्या ट्यूबचं की हातगाडीच्या, यावर दोन आठवडे गेले. चामड्याचा तुकडा चांभाराकडून मागून आणला, तो जरा जाड निघाला. मग जूनमध्ये पाऊस आला, शाळा उघडली, आणि दप्तरात बेचकी नेता येत नाही म्हणून ती माळ्यावर गेली. त्या बेचकीने एकही खडा मारलेला नाही. पण कुठली फांदी, कुठलं रबर, हे विचाराल तर मी आजही न अडखळता सांगेन.

पाखरं मारणारा प्रत्येकजण दुष्ट असता तर हिशेब सोपा झाला असता. सालिम अलींनी मुंबईत लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि भारताला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आपल्या व्यंकटेश माडगूळकरांच्याही हातात लेखणीबरोबर बंदूक होतीच. उलट भरतपूरच्या दगडावर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पडल्याची नोंद कोरलेली आहे, ती वाचताना शिकारीचा नव्हे, गोदामाच्या मोजदादीचा वास येतो. चचामियाँपाशी हा आकडा काढला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘इतनी बार तो हमने बंदूक साफ़ भी नहीं की।’

त्यांच्या दिवाणखान्यात अत्तराची एक रिकामी कुपी आहे. तिच्यात अत्तर नाही, छर्रे आहेत. पूर्वी थंडीत मुर्गाबीचं सालन व्हायचं, आणि जेवताना एखाद्या पाहुण्याच्या दाताखाली छर्रा यायचा. तो रुमालात घेऊन यजमानाला द्यायचा, यजमानाने दिलगिरी म्हणून आदाब करायचा, आणि छर्रा कुपीत. चाळीस-पन्नास असतील. एका काडतुसात अडीचशे-तीनशे छर्रे भरतात. पाखराला लागतात चार-दोन. उरलेले कुठे जातात, हा प्रश्न मला इंजिनिअर म्हणून पडला आणि मी घरी येऊन वाचत बसलो. ते तळ्याच्या तळाशी जातात. बदकं दाणा दळायला बारीक खडे गिळतात, त्यांच्याबरोबर शिशाचे छर्रेही गिळतात, आणि विषाने मरतात. म्हणजे चुकलेला बारही कधीतरी, कितीतरी वर्षांनी, लागतो. अमेरिकेने पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद केले ते १९९१ मध्ये. आमच्याकडे शिकारच बंद झाली, तेही त्याच साली. हे मी चचामियाँना सांगितलं. त्यांनी कुपी उचलून उजेडात धरली, हळूच हलवली. तिचा आवाज बाळाच्या खुळखुळ्यासारखा झाला. त्यानंतर ती कुपी कपाटात आतल्या बाजूला गेली.

सगळ्यात अवघड धडा पेशगीचा. उडत्या पाखरावर नेम धरला तर बार मागे जातो. छर्रे पोचेपर्यंत पाखरू पुढे गेलेलं असतं. चाळीस यार्ड जायला छर्ऱ्यांना सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि तेवढ्यात ताशी सत्तर किलोमीटरने निघालेली मुर्गाबी दोन-अडीच मीटर सरकते. म्हणून नेम पाखरावर नसतो, त्याच्या पुढच्या मोकळ्या हवेवर असतो. या अंतराला चचामियाँ ‘पेशगी’ म्हणतात. घरभाड्याची पेशगी त्यांनी माझ्याकडून कधी घेतली नाही, पण मुर्गाबीला ती चुकवता येत नसे. दिवाणखान्यातल्या पंख्याच्या पात्यावर ते मला सराव करायला लावत. मी पात्याकडे बघायचो. ‘पंखड़ी को नहीं, पंखड़ी जहाँ आनेवाली है,’ ते म्हणायचे. पंखा दोनवर होता. चारवर मला जमलं नसतं.

डिसेंबर उजाडला. वर्षाची मुदत संपत आली. एका सकाळी शेरवानी, वर मास्क, हातात काठी अशा थाटात चचामियाँ तयार झाले आणि आम्ही लालबागेतल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. मखमलीतून त्यांनी बाहेर काढले मुंशीजी! ज्यांच्यावर वर्षभरात एक शब्द खर्च झाला नव्हता, ज्यांचा आवाज फोनवर कोणी ऐकला नव्हता, ते. मखमल मात्र बडी बीची होती. एवढा शेवटचा मान. कारकुनाने नंबर लिहून घेतला, बोअर लिहिली, ‘नली: एक’ लिहिलं आणि सही मागितली. मी म्हणालो, चचा, कामाची तेवढी हीच होती. ते म्हणाले, ‘इसीलिए तो। काम के आदमी को कहीं भी काम मिल जाएगा। ये दोनों कहाँ जाएँगी?’ पुढच्या जूनमध्ये माकडांनी मलिहाबादेत यथेच्छ राज्य केलं आणि दर वर्षी येणारी दशहरीची पेटी आमच्याकडे अर्धीच आली. वर चिठ्ठी होती: मुंशीजींचा सलाम.

पण त्याआधी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही नवाबगंजला गेलो. कानपूरच्या रस्त्यावर, लखनौपासून चाळीसएक किलोमीटरवर, उन्नाव जिल्ह्यातलं हे तळं. १९८४ पासून अभयारण्य आहे, २०१९ मध्ये रामसर यादीत गेलं, आणि आता त्याला चंद्रशेखर आझादांचं नाव आहे. याच रस्त्याने कानपूर ओलांडून पुढे गेलं की बिठूर लागतं. तिथे आपल्या दुसऱ्या बाजीरावाने वनवासाची तेहतीस वर्षं काढली, आणि वाल्मीकींचा आश्रमही तिथलाच सांगतात. क्रौंचाच्या जोडीतला एक पडला आणि पहिला श्लोक जन्माला आला ती गोष्ट आपण सगळे जाणतो, पण त्या निषादाने धनुष्य निवडायला किती दिवस घेतले होते, कुठल्या लाकडाचं, दोरी कशाची, याची चौकशी कोणी केलेली नाही. चचामियाँनी गाडीत ती केली. ‘बाँस का रहा होगा,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘अनाड़ी था। बैठे परिंदे पर कौन चलाता है?’

धुकं होतं. तळं आहे की नाही हे फक्त आवाजावरून कळत होतं. पाण्यावर शेकडो पाखरं एकदम कुजबुजत होती, मुशायरा सुरू होण्याआधी सभागृह कुजबुजतं तशी. बंदुकीऐवजी आमच्याकडे माझी जुनी दुर्बीण होती, आणि ती चचामियाँनी हातात घेऊन आधी तिचं वजन केलं, मग गालाला लावून पाहिली, मग बिजागरी दोनदा उघडून मिटली आणि कान देऊन ऐकलं. आवाजात ठहराव नव्हता. दुर्बीण माझ्याकडे परत आली. दहाच्या सुमारास धुकं वितळायला लागलं. आधी बाभळींचे शेंडे, मग सारसाची एक जोडी, मग पाणी. थापट्या बदकं चोचीने पाणी चाळत फिरत होती. त्यांना इथे तिदारी म्हणतात. लांब किनाऱ्यावर दोन सुरख़ाब उभे होते, नारिंगी, राजबिंडे. आपल्याकडचे चक्रवाक हेच. संस्कृत कवींनी त्यांना रात्रभर विरहात ठेवलं आणि हिंदीने प्रत्येक ऐटबाज माणसाला त्यांच्या पिसांवरून टोमणा मारला. दोन्ही ओझी घेऊन ते शांतपणे उन्हात उभे होते. ‘इनको कभी नहीं,’ चचामियाँ म्हणाले. ‘एक गिरता तो दूसरा सारा दिन सर पर चक्कर काटता। कौन सुने।’

मग एकाएकी पलीकडच्या बोरूत काहीतरी बिनसलं आणि सगळं तळं उठलं. पाण्याचं जणू कापड फाटलं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि नेहमीप्रमाणे मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. चचामियाँनी काठी बगलेत धरली, उजवा हात उचलला आणि बोट दाखवलं. ‘सींखपर। देखो, बरख़ुरदार, वो।’ मी त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. बोट संथपणे डावीकडून उजवीकडे सरकत होतं, खांदा त्याच्याबरोबर वळत होता, मान किंचित कललेली, गाल जणू कशावर तरी टेकलेला. मला वाटलं, नजर गेली यांची. मी बोटापुढच्या त्या मोकळ्या निळ्या तुकड्याकडे बघत राहिलो, आणि त्या तुकड्यात, मान लांब केलेला, शेपटीची सुई मागे काढलेला, पोटाखाली पांढरा, एक सींखपर आला.